पेटी कुठल्या भिंतीला लावायची? खानदेशच्या उन्हात पाखरांसाठी घरटी

एप्रिलचा शेवटचा आठवडा, दुपारचे तीन. पश्चिमेच्या भिंतीला शिडी लावून मी चिमण्यांच्या पेटीत तापमापकाची बारीक वायर सरकवत होतो. ओट्यावर सावलीत ४३ अंश होते. पेटीत ४९. आत तीन पिल्लं होती. दोन गेलेली, तिसरं चोच वासून भोकाशी येऊन टेकलेलं. ते संध्याकाळपर्यंत तगलं, मग तेही गेलं.

पेटी मी एका प्रदर्शनातून हौसेनं आणली होती. प्लायवुडची, लाल रंगाच्या छपराची, दारापुढे बसायला गोल दांडी. दिसायला बाहुलीचं घर. चिमण्यांनी आठवड्याभरात ती पसंतही केली, त्याचं मला कोण कौतुक! आमचे सुतारनाना शिडी धरून खाली उभे होते. वर बघून म्हणाले, "भाऊ, आठे चिडी ऱ्हाई का भाकर शेकाई?" (इथं चिमणी राहील की भाकर शेकेल?)

त्या दिवशीपासून मी पेट्यांकडे नानांच्या डोळ्यानं बघायला लागलो. घरट्याच्या पेट्यांची बरीचशी माहिती थंड देशांतून आलेली आहे. तिथं पेटीनं ऊब धरून ठेवायची असते. आपल्याकडे अमळनेर असो, भुसावळ असो की शिरपूर, एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ला टेकतो. पाखरांची अंडी साधारण ३६ ते ४० अंशांत उबतात. त्याच्या वर फार वेळ गेलं की आतला जीव संपतो. म्हणजे खानदेशात पेटीचा पहिला शत्रू मांजर नाही, कावळा नाही. दुपारचं ऊन आहे. पुढचं सगळं ह्या एका गोष्टीभोवती लिहिलंय.

आधी बघा, तुमच्याकडे कोण राहतं

पेटी म्हणजे काय, तर तयार ढोली. त्यामुळे जे पक्षी मुळात ढोलीत, भिंतीच्या भोकात, फटीत घरटं करतात, तेच पेटीत येतात. चिमणी, साळुंकी, भांगपाडी मैना, दयाळ, पिंगळा, पोपट, हुदहुद, गव्हाणी घुबड ही त्यातली मंडळी. बुलबुल वाटीसारखं घरटं झुडपात करतो, शिंजीर लोंबतं घरटं विणतो, होला चार काड्या टाकून संसार मांडतो. त्यांच्यासाठी पेटी टांगली तर ती रिकामीच राहणार आणि तुम्ही उगाच पाखरांवर रुसणार. त्यांना कुंपणाला मेंदी, बोर, बोगनवेल दिली तर जास्त उपयोग.

सुगरणीला तर आपली काहीच गरज नाही. विहिरीवर झुकलेली बाभूळ तेवढी तोडू नका. (नाव सुगरण, पण खोपा विणतो नर, मादी येऊन तपासते, आवडला तर आतली कामं करून संसार थाटते.) तिच्याकडून एक धडा मात्र घ्या. ती पावसाळ्यात खोपे करते आणि बहुतेक खोपे झाडाच्या पूर्व अंगाला असतात, कारण आपल्याकडचा वारा-पाऊस नैऋत्येकडून येतो. पुढच्या पावसाळ्यात शेतातल्या विहिरीवर जाऊन बघा.

तर पेटी करण्याआधी आठ दिवस सकाळी सातच्या सुमारास ओट्यावर चहा घेऊन बसा. चिमण्या कुठल्या फटीत गवत नेतात? मीटरच्या डब्यामागे? शटरच्या गुंडाळीत? दुकानाच्या पाटीमागे? जिथं त्या नाइलाजानं घुसतायत, त्याच्या आसपास पेटी लावली तर ती भरण्याची शक्यता सर्वात जास्त. गावात चिमणीच नसेल तर पेटीनं ती येणार नाही. हे कटू वाटलं तरी आधीच सांगितलेलं बरं.

चिमणीला घरट्यासाठी जागा न मिळणं, ही अडचण आपल्याकडे नवीच. धाब्याच्या घरात चिमणीला वेगळी पेटी कुणी दिली नव्हती. सर (छताची तुळई) आणि कडीपाटाच्या मधली फट, कोनाडा, देवादिकांच्या तसबिरीमागची तिरपी जागा, सगळं तिचंच होतं. आमची माय सकाळी झाडताना गवताच्या काड्या गोळा करायची, चिमणीला दोन शिव्या हासडायची आणि तसबीर तशीच तिरपी ठेवायची. वीतभर मातीचं धाबं दुपारचं ऊन आत येऊ द्यायचं नाही. आता स्लॅब आले, भिंती गुळगुळीत झाल्या, खिडक्यांना जाळ्या बसल्या. पेटी ही त्या तसबिरीमागच्या जागेची भरपाई आहे, तेवढंच तिच्याकडून मागा.

जागा आणि दिशा: इथं घाई करू नका

पेटी नंतर करा, जागा आधी ठरवा. मी आता मार्चमध्ये एक साधा प्रयोग करतो. जिथं पेटी लावायची तिथं खडूनं चौकोन काढतो आणि सुट्टीच्या दिवशी दर तासाला बघतो, ऊन त्यावर कधी येतं आणि कधी जातं. सकाळचं कोवळं ऊन नऊ-साडेनऊपर्यंत आलं तर चालतं. अकरानंतर त्या चौकोनावर उन्हाची तिरीपही नको. मेमध्ये सूर्य आणखी डोक्यावर येतो, संध्याकाळी वायव्येकडे झुकून मावळतो, त्यामुळे मार्चमध्ये सावलीत असलेली उत्तरेची भिंत मेमध्ये संध्याकाळी ऊन खाते. हे पहिल्या वर्षी माझ्या लक्षात आलं नव्हतं.

सर्वात उत्तम जागा म्हणजे ओसरी किंवा गॅलरीच्या छताखालची पूर्वेची भिंत. दुसऱ्या नंबरला उत्तर-पूर्व. दक्षिण चालवून घ्यायची तर वर किमान दोन-अडीच फुटांचा सज्जा हवा. पश्चिम कधीच नाही, कितीही सोयीची वाटली तरी. पत्र्याच्या शेडखाली पेटी लावायची तर पत्र्यापासून निदान दीड-दोन फूट खाली लावा. तापलेला पत्रा वरून आच फेकतो, तिथं सावली असून नसल्यासारखीच.

झाडावर लावायची तर उन्हाळ्यात कुठलं झाड हिरवं असतं ते आठवा. साग आणि पळस मार्च-एप्रिलमध्ये उघडे पडतात, म्हणून ते बाद. कडुनिंब पानं झाडतो पण ऐन एप्रिलमध्ये नवी पालवी घेऊन उभा राहतो. आंबा, चिंच, वड चांगले. पेटी खोडाच्या पूर्व अंगाला, फांद्यांच्या छत्रीखाली बांधा. खोडात खिळे ठोकू नका. सायकलची जुनी ट्यूब किंवा रबराच्या नळीतून घातलेली तार वापरा आणि दरवर्षी एकदा सैल करा, खोड जाड होतं.

उंची: चिमणीला आठ ते बारा फूट. हाताला येणार नाही, मांजर उडी मारून पोचणार नाही, पण शिडीनं तुम्हाला पोचता येईल इतकी. पंखा फिरत असलेल्या खोलीत किंवा खोलीच्या दाराशी पेटी लावू नका. चिमणी पात्यात सापडते आणि ते दृश्य घरातली पोरं विसरत नाहीत.

चिमणीची पेटी, नानांच्या पद्धतीनं

प्लायवुड नको. पावसात त्याचे पदर सुटतात, आणि पातळ असलं की उन्हात लगेच तापतं. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, तर अजिबात नको. जुन्या दार-खिडक्यांचं सागवान भंगारात मिळतं, ते सर्वात उत्तम. कडुनिंब चालतो. आंब्याची फळी स्वस्त, पण तिला भुंगेरा लवकर लागतो. जाडी पाऊण इंच, म्हणजे १८ मिलिमीटरच्या आसपास. जाड लाकूड उशिरा तापतं, त्याचा अर्थ दुपार टळते.

सहा इंच, म्हणजे १५ सेंमी रुंदीची चार फुटी फळी घ्या. त्यातून पाठ ३५ सेंमीची कापा; ती मुद्दाम लांब, कारण भिंतीला स्क्रू मारायला वर-खाली जागा लागते. दोन्ही बाजू एकाच ४५ सेंमीच्या तुकड्यातून निघतात: एका कडेला २५ सेंमीवर खूण करा, समोरच्या कडेला २० सेंमीवर, आणि तिरपी करवत चालवा. तुकडे आपोआप जोडीचे होतात, पुढे उतरतं छप्परही मिळतं. ही युक्ती नानांची, ते ती कागदावर न काढता करतात. दर्शनी फळी २० सेंमीची. तळ १५ बाय ११.४ सेंमी, तो चारही फळ्यांच्या आत बसतो. छपरासाठी वेगळा तुकडा घ्या, २० सेंमी रुंद आणि २२ सेंमी लांब, म्हणजे दोन्ही बाजूंना आणि पुढे तो बाहेर येईल.

आता भोक. ३२ ते ३५ मिलिमीटर, त्यापेक्षा मोठं नाही. दर्शनी फळीच्या खालच्या कडेपासून १६ सेंमीवर मध्य धरा. त्यामुळे आतल्या तळापासून भोकाची कड साडेबारा सेंमी वर राहते. पिल्लं लवकर बाहेर पडत नाहीत आणि मांजरीचा पंजा घरट्यापर्यंत पोचत नाही. नानांनी पहिल्यांदा गिरमिट उचललं तेव्हा बोलले, "इतलं ल्हान? चिडी शे का मुंगी?" मी हट्ट सोडला नाही. एका पेटीत त्यांनी मला न सांगता भोक पावणेदोन इंची केलं, "मोकळं राहू दे तिला" म्हणून. चार दिवसांत तिथं साळुंकी आली, चिमण्यांचं गवत बाहेर फेकलं आणि पेटी बळकावली. त्यानंतर नाना स्वतः पट्टी लावून मोजतात.

भोकापुढे दांडी लावू नका. चिमणीला तिची गरज नसते, ती सरळ कडेला नखं रोवते. दांडीचा उपयोग कावळ्याला. आतल्या बाजूला रंधा मारू नका, उलट भोकाखाली पटाशीनं आडव्या खाचा पाडा. पिल्लांना वर चढायला त्याच शिडीसारख्या होतात. तळाच्या चार कोपऱ्यांत सहा मिलिमीटरची चार भोकं, पाणी निथळायला. दोन्ही बाजूंच्या फळ्या वरून एकेक सेंमी कमी कापा, म्हणजे छपराखाली फट राहते आणि गरम हवा तिथून निघून जाते.

छपरावर दुसरं छप्पर, ही ह्या सगळ्यातली माझ्या मते सर्वात कामाची गोष्ट. छपरावर दोन सेंमी जाडीच्या दोन पट्ट्या ठोका आणि त्यावर जुनं मंगलोरी कौल किंवा दुसरी फळी बसवा, तारेनं पक्की बांधा. मधून वारा खेळतो आणि वरची आच खाली उतरत नाही. बाहेरून चुन्याचा हात द्या, दोनदा. ऑइलपेंट, वॉर्निश, डिझेल, काही नको. आतून तर काहीच नको. एक बाजू बिजागरीवर उघडती ठेवा आणि बाहेरून आकडी लावा, साफसफाईला लागेल. जोडायला खिळ्यांपेक्षा स्क्रू बरे, इथल्या उन्हात लाकूड सुकून खिळे वर येतात.

पेटी लावण्याआधी परीक्षा घ्या. रिकामी पेटी ठरलेल्या जागी टांगा, आत तापमापक ठेवा आणि तापलेल्या दिवशी दुपारी तीनला बघा. बाहेरच्या सावलीपेक्षा आत एखादा अंश जास्त असेल तर ठीक. चार-पाच अंश जास्त असेल तर जागा बदला, पेटी नाही. तीच ४९ अंशांची प्लायवुडची पेटी मी नंतर पूर्वेच्या ओसरीत रिकामी टांगून पाहिली. तशाच दुपारी ४४ भरली.

आत गवत, कापूस काही घालू नका. चिमणी स्वतः आणते आणि स्वतः आणलेलंच तिला पटतं. तिला वाटेल तिथून घेता यावं म्हणून अंगणात सुकं बारीक गवत, कोंबडीची पिसं ठेवा हवं तर. सुतळी, नायलॉनचा दोरा, मांजा मात्र अंगणातून उचलून टाका. पिल्लाच्या पायात गुंता झाला की पाय सुजतो आणि ते घरट्यालाच बांधलं जातं. कापूस वेचून आणल्यावर खळ्यात पडलेल्या बोदांच्या (कापसाच्या मोठ्या पोत्यांच्या) सुतळ्या हा आपल्याकडचा खास धोका.

चिमण्या वस्ती करून राहतात, म्हणून एकाऐवजी तीन-चार पेट्या हातभर अंतरानं लावा. एकटी पेटी पुष्कळदा तशीच राहते.

मडक्याचं घरटं

सुतारकाम नको असेल तर कुंभाराकडे जा. माती उन्हात लाकडापेक्षा सोसायला बरी, फक्त जाड हवी; पातळ गाडगं कामाचं नाही. भाजलेल्या मडक्याला भोक पाडायच्या भानगडीत पडू नका, दहातली पाच फुटतात. मडकं ओलं असतानाच भोक कापून घ्या. आणि इथंच बहुतेकांचं चुकतं: माती सुकताना आणि भट्टीत आकसते, साधारण दहावा हिस्सा. ३४ मिलिमीटर हवं असेल तर ओलं असताना ३८ कापा. आमच्या पहिल्या खेपेची सगळी मडकी चिमणीला न शिरण्याइतकी निघाली. ती आता पोरांच्या पैशांचे गल्ले झालीत.

मडक्याचं तोंड भिंतीकडे करून आडवं, लोखंडी कड्यात घट्ट बसवा. दोरीनं टांगलेलं मडकं वावटळीत झुलतं, अंडी एकमेकांवर आपटतात. खालच्या अंगाला पाणी निथळायला बारीक भोक पाडायचं ते कुंभाराला आधीच सांगा.

साळुंकी, दयाळ, पिंगळा

पेटी तीच, मापं वेगळी. साळुंकीला तळ १५ ते १८ सेंमीचा चौरस, खोली २५ ते ३० सेंमी, भोक पाच ते साडेपाच सेंमी. दयाळाला तेवढंच भोक पण खोली २० सेंमी पुरे. मार्चपासून जुलैपर्यंत तो घरटं करतो आणि पहाटे पेटीवर बसून जे गातो त्यासाठी मी ही एक पेटी खोलीच्या खिडकीसमोर लावली आहे.

पिंगळ्याला तळ २० बाय २० सेंमी, उंची ४० सेंमी, भोक साडेसात सेंमी आणि ते तळापासून २५ सेंमी वर. तो गवत-काड्या आणत नाही, म्हणून तळाला दोन-तीन बोटं जाड सुका भुसा घाला. कडुनिंबावर किंवा आंब्यावर १२ ते १५ फुटांवर लावा. त्याचा विणीचा काळ मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिल, पण जागा तो बरंच आधी हेरून ठेवतो, म्हणून दिवाळीपर्यंत पेटी वर चढलेली हवी. ह्याच पेटीत पोपटही घुसतो. घुसू द्या. पण त्याचं पिल्लू काढून पिंजऱ्यात ठेवायचा मोह आवरा, तो गुन्हा आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत घरटं मोडणं, अंडी काढणंही येतं.

पिंगळ्यावरून आठवलं. त्याचा भाऊबंद रानपिंगळा हा खानदेशचा मोठा मानकरी. १८८४ नंतर ११३ वर्षं त्याचा खात्रीचा पत्ता नव्हता, पक्षिशास्त्रानं तो गेला असंच धरलं होतं. नोव्हेंबर १९९७मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या पक्षी-अभ्यासकांना तो शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला पुन्हा सापडला. उत्साही मंडळी मला विचारतात, तोरणमाळला त्याच्यासाठी पेट्या लावू या का? नको. त्याला सागाच्या रानातली म्हातारी, ढोल्या असलेली झाडं लागतात, ती उभी राहू दिली की झालं. आणि जंगलात वनविभागाला न विचारता खिळा ठोकायलाही जायचं नसतं.

तेच शेतातल्या झाडांना लागू. बांधावरचा वाळलेला आंबा जळणाला तोडण्याआधी त्यात तांबटानं किंवा सुतारपक्ष्यानं कोरलेली भोकं आहेत का बघा. ती भोकं एका पाखराची नसतात, दरवर्षी नवा भाडेकरू येतो. कुंपणातला वाळका बांबूही राहू द्या. त्यात काळा भुंगा घर करतो, आणि वांग्याच्या फुलातला पराग झटकायला अशाच गुणगुणणाऱ्या माशा-भुंगे लागतात. हिवाळ्यात भरीत खाणाऱ्याला आणखी काय सांगायचं?

शेतातलं गव्हाणी घुबड

ही पेटी हौसेची नाही, कामाची. उंदीर गहू, हरभरा, भुईमूग खातात हे आहेच. शिवाय केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्या कुरतडतात आणि सकाळी वाफ्यात तळं दिसतं. मलेशियात तेलताडाच्या मळ्यांत आणि इस्रायलमध्ये शेतांत उंदरांसाठी गव्हाणी घुबडाच्या पेट्या मोठ्या प्रमाणावर लावतात. आपल्याकडे हा पक्षी आहेच, जुन्या विहिरींच्या बांधकामातल्या कपारीत, पडक्या वाड्यात, गोदामात.

पेटी मोठी लागते: तळ ६० बाय ४५ सेंमी, उंची ६५ सेंमी. भोक साधारण १३ ते १५ सेंमीचं, आणि ते तळापासून ४५ सेंमी वर. हे माप कमी करू नका. घुबडाची पिल्लं आठ ते दहा आठवडे पेटीत असतात, चालायला लागली की भोकातून डोकावतात आणि भोक खाली असलं तर पडतात. खाली पडलेल्या पिल्लाला आई-बाप सहसा भरवत नाहीत. ह्या पेटीला बाहेर फूटभर फळी चालते, पिल्लं तिथं पंख झाडून बघतात.

गोदामात, गोठ्याच्या उंच माळ्यावर जागा असेल तर ती पहिली पसंती. ऊन-पावसाचा प्रश्नच उरत नाही. उघड्यावर खांबावर लावायची तर १२ ते १५ फूट उंच लोखंडी पाइप, मोठ्या झाडाच्या सावलीत, भोक पूर्वेला, दुहेरी छप्पर. पाइपाला मध्यावर दोन फुटांचा गुळगुळीत पत्रा गुंडाळा, मांजर आणि धामण वर चढत नाही. केळीच्या दाट बागेच्या मधोमध पेटी लावून उपयोग नाही, त्याला झेप घ्यायला मोकळी जमीन लागते. बांधावर, गहू-हरभऱ्याच्या बाजूला लावा आणि शेतात इंग्रजी टी आकाराचे पक्षीथांबे रोवा.

एक अट मात्र कडक. पेटी लावली की उंदरांना विष घालणं बंद. ब्रोमॅडिओलोनसारखं विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, दोन-चार दिवस झोकांड्या खात फिरतो, घुबडाला सोपा सापडतो आणि ते विष उंदराच्या काळजातून घुबडात उतरतं. शेजारच्या शेतकऱ्याशीही बोलावं लागेल. हे काम पेटी करण्यापेक्षा अवघड आहे, मला तीन वर्षांत एकाच बांधावर जमलंय.

दुसरी अडचण घरातली. घुबड म्हणजे अपशकुन, रात्री बोललं की कुणीतरी जातं. आमच्या जिभाऊंनी पेटी बघून तोंड फिरवलं होतं. मी वाद घातला नाही. पेटीखाली पडलेल्या गोळ्या, म्हणजे घुबड न पचलेली हाडं-केस जे ओकून टाकतं ते, एका परातीत पाण्यात भिजवून त्यांच्यासमोर काट्यानं फोडल्या. एका गोळीत उंदरांच्या तीन कवट्या निघाल्या. जिभाऊ बराच वेळ बघत बसले, मग एवढंच बोलले, "दुसरी कधी लावतोस?"

दाणा-पाणी

पेटीपेक्षा पाणी जास्त पाखरं आणतं. उथळ मातीचं परळ, खोली दोन इंचांपर्यंत, आत एक खडबडीत दगड, सावलीत. जर्मनचं किंवा स्टीलचं भांडं उन्हात चटका देतं. रोज घासून पाणी बदला.

ज्वारी-बाजरीची कणसं ओसरीला टांगायची आपली जुनी रीत चांगलीच आहे, पण एक गैरसमज काढून टाका. चिमणीची पिल्लं पहिले काही दिवस दाण्यावर वाढत नाहीत, त्यांना अळ्या आणि किडे लागतात. परसात शेवगा, तूर, भेंडी असेल आणि त्यावर फवारा नसेल तर तेच त्यांचं किराणा दुकान. पेटीपासून पन्नास फुटांवर आठवड्याला औषध मारत असाल तर पेटी काढून ठेवलेली बरी.

लावल्यानंतर

पेटी लावायचा मुहूर्त म्हणजे दसरा-दिवाळी. २० मार्चला जागतिक चिमणी दिन होतो आणि त्या दिवशी पेट्या वाटल्या जातात, फोटो निघतात. हरकत नाही, पण तोवर चिमण्यांनी जागा धरलेल्या असतात. फेब्रुवारीपासून त्यांची लगबग सुरू होते, मग पावसाळ्यात पुन्हा.

चिमणी पेटीत गवत न्यायला लागली की दूर राहा. तीन ते पाच अंडी, साधारण बारा दिवस उबवणं, आणखी पंधरा दिवसांनी पिल्लं बाहेर. एवढ्या महिन्याभरात पेटी उघडून बघायची, मोबाइल आत घालून व्हिडिओ काढायची गरज नसते. नर-मादी चोचीत काही घेऊन आत जातात की नाही, हे ओट्यावरून दिसतं.

पिल्लू खाली पडलं तर? अंगावर पिसं असतील आणि टुणटुण उडत असेल तर ते उडायला शिकतंय, मांजर आवरा आणि आई-बापांना काम करू द्या. उघडं, डोळे मिटलेलं असेल तर अलगद उचलून घरट्यात परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते, ही समजूत खोटी आहे. दूध पाजू नका. जखमी असेल, घुबडाचं किंवा पोपटाचं असेल तर वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा.

उन्हाळ्यात नजर एकाच गोष्टीवर ठेवा. दुपारी पाखरू पेटीच्या भोकात चोच वासून बसलंय का? पिल्लं भोकाशी गर्दी करतायत का? तसं असेल तर वसलेली पेटी हलवू नका, आई-बाप ती शोधत राहतील. वरून सावली करा: ओल्या गोणपाटाचा पडदा पेटीपासून वीतभर लांब, भोक मोकळं ठेवून टांगा आणि दुपारी दोनदा पाणी मारा. ही युक्ती मला दोन उन्हाळे उशिरा सुचली.

मुंगळे चढत असतील तर टांगायच्या तारेला एरंडेल तेलात भिजवलेली चिंधी गुंडाळा. गांधीलमाश्यांनी पेटी धरली तर दिवसा हात घालू नका. हिवाळ्यात पोळं रिकामं झालं की काढा.

साफसफाई आणि रिकाम्या पेट्या

घरातली जाळी-जळमटं निघतात त्याच नवरात्राच्या आधीच्या आठवड्यात पेट्याही उतरवा, पण आधी आत कुणी नाही याची खात्री करा. पावसाळ्यातली शेवटची वीण कधी कधी लांबते. तोंडाला रुमाल बांधा. जुनं गवत ओतून टाका, त्यात पिसवा आणि किडे असतात. उकळतं पाणी ओता, दोन दिवस कडक उन्हात वाळवा. कीटकनाशक पावडर घालू नका. स्क्रू आवळा, चुन्याचा हात फिरवा, परत वर चढवा.

पहिल्या वर्षी पेटी रिकामी राहिली तर हात लावू नका. दुसऱ्या वर्षीही राहिली तर जागा बदला, दहा-बारा फूट सरकवलेलंही पुरतं. माझ्याकडच्या अकरापैकी चार पेट्या आजवर कुणी घेतलेल्या नाहीत. त्यातली एक मी नानांना परत दिली. त्यांनी ती आपल्या कामाच्या पडवीत, करवतीच्या खडखडाटात, पूर्वेच्या भिंतीला अडकवली. मला वाटलं, तिथं कोण येणार? या फेब्रुवारीत गेलो तर नाना रंधा बाजूला ठेवून भोकाकडे बघत बसले होते, आणि फळीच्या भुशातून एक चिमणी लांब कुरळी साल चोचीत धरून वर निघाली होती. साल भोकात आडवी होत होती. तिसऱ्या खेपेला तिनं ती टोकाकडून धरली.